‘परवा’ म्हणजे कधी? फिनिक्स राइटच्या न्यायालयात एक भाषांतरकार

मराठीतला ‘परवा’ कन्नडमध्ये नेताना आधी एक निर्णय घ्यावा लागतो. तो मागचा असेल तर ‘मोन्ने’ आणि पुढचा असेल तर ‘नाडिद्दु’. दोन्ही अर्थांना पुरेल असा एकच शब्द कन्नडमध्ये नाही. बोलणाऱ्याच्या क्रियापदावरून एरवी सगळे कळते, पण जबाबातले वाक्य ‘परवाच्या बाजाराला पैसे द्यायचे ठरले होते’ असे निघाले, की साक्षीदार होऊन गेलेल्या बाजाराबद्दल बोलतो आहे की होऊ घातलेल्या, हे ठरवताना घाम फुटतो. गेली अनेक वर्षे मी बेळगावातल्या वकिलांना कागदपत्रांची भाषांतरे करून देते. 1956 पर्यंत हा जिल्हा मुंबई राज्यात होता, त्यामुळे जुनी खरेदीखते आणि वाटणीपत्रे मराठीत, त्याहून जुनी काही मोडीत सापडतात. साक्षीदार खानापूर किंवा निपाणीकडचा असला की तो बोलतो मराठीत. आणि न्यायालयाचे कामकाज चालते कन्नडमध्ये आणि इंग्रजीत. या बोळाबोळांतून शब्द सांडू न देता पलीकडे नेणे हा माझा धंदा आहे. तो सांगण्याचे कारण एवढेच, की ज्या व्हिडिओ गेमबद्दल मी लिहिते आहे त्याचा सगळा खेळ याच एका गोष्टीवर उभा आहे: माणूस काय बोलला, आणि कागद काय म्हणतो.

पुण्याला नोकरी करणारा माझा भाचा गणपतीत घरी आला होता. जाताना त्याने आपला जुना निन्टेन्डो डीएस लाइट, म्हणजे पुस्तकासारखा उघडणारा दोन पडद्यांचा छोटा कन्सोल, माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाला, “मावशी, तुझ्याच कामाचं आहे, बघ.” आत नखाएवढ्या जाडीचे एक कार्ड होते, त्याच्या पिढीच्या तोंडी अजूनही त्याला ‘कॅसेट’ म्हणतात. गेमचे नाव ‘फिनिक्स राइट: एस ॲटर्नी’. व्हिडिओ गेम म्हणजे गोळीबार किंवा गाड्यांची शर्यत, अशी माझी समजूत होती आणि तिच्यात बदल करण्याची मला काही घाईही नव्हती. पण वीज गेलेल्या एका पावसाळी संध्याकाळी, भाषांतराचे काम अडून पडलेले असताना, मी तो कन्सोल उघडला.

जपानच्या कॅपकॉम कंपनीने हा खेळ 2001 साली गेम बॉय ॲडव्हान्स या कन्सोलसाठी काढला. लेखन आणि दिग्दर्शन शू ताकुमी यांचे. मूळ जपानी नाव ‘ग्याकुतेन साईबान’, म्हणजे साधारणपणे ‘पारडे फिरवणारा खटला’. जपानबाहेर तो गेला 2005 साली, डीएसवर, आणि तेव्हा मूळच्या चार खटल्यांना पाचवा एक नवा खटला जोडला गेला. माझ्या हातात आली ती हीच आवृत्ती.

खेळणारा असतो बचाव पक्षाचा तरुण वकील. प्रत्येक प्रकरणात खून होतो, भलताच माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि त्याला सोडवायचे असते. दिवसा फिरून माहिती आणि वस्तू गोळा करायच्या, मग न्यायालयात साक्षीदाराला सामोरे जायचे. साक्षीदार आपली साक्ष पाचसहा वाक्यांत सांगतो आणि नंतर उलटतपासणी सुरू होते. तीच वाक्ये एकेक करून परत समोर येतात. प्रत्येक वाक्यापाशी दोन गोष्टी करता येतात. साक्षीदाराला थांबवून ‘हे नीट सांगा’ म्हणून खोदून विचारायचे, किंवा जवळच्या पुराव्यांतला एक कागद अथवा वस्तू पुढे करून म्हणायचे, की हे वाक्य आणि हा पुरावा एकत्र नांदू शकत नाहीत. चुकीचा पुरावा दाखवला की न्यायाधीश रागावतात आणि वर मांडलेल्या पाच उद्गारचिन्हांपैकी एक पुसले जाते. पाचही गेली की आरोपी दोषी. खेळाची यंत्रणा संपली ती इथेच. उड्या नाहीत, बंदूक नाही, वेळेचे बंधन नाही. बाकी सगळे वाचन आहे.

आमच्याकडे वकीलमंडळी ज्याला ‘तफावत काढणे’ म्हणतात, ते हेच. पोलिसांपुढच्या जबाबात एक, न्यायालयात दुसरे. 1872 च्या पुरावा कायद्यातले कलम 145, जे 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 148 झाले आहे, ते सांगते की साक्षीदाराला त्याच्या आधीच्या लेखी निवेदनातला नेमका भाग दाखवून त्याबद्दल विचारल्याशिवाय ती तफावत सिद्ध करता येत नाही. ‘नेमका भाग’ हे शब्द महत्त्वाचे. मोघम ‘हा खोटे बोलतो आहे’ म्हणून चालत नाही. कोणते वाक्य, कोणत्या कागदाशी, कोणत्या ठिकाणी जुळत नाही ते दाखवावे लागते. एका चमकदार रंगाच्या जपानी खेळाने हा नियम इतका काटेकोरपणे पाळावा याचे मला पहिल्या रात्री जे नवल वाटले ते अजून ओसरलेले नाही.

पहिल्या खटल्याबद्दल सविस्तर लिहिते. त्यातला खुनी खेळ सुरू होतानाच दाखवून टाकलेला आहे, त्यामुळे रहस्य फोडल्याचे पाप माझ्या माथी येत नाही. एका तरुणीचा तिच्या घरी खून होतो. वर्तमानपत्रे विकणारा एक गृहस्थ साक्ष देतो, की प्रेत आपण पाहिले आणि तेव्हा दुपारचा एक वाजला होता. शवविच्छेदनाचा अहवाल म्हणतो, मृत्यू चार ते पाचच्या दरम्यान. ही पहिली तफावत, शिकवणीपुरती, आणि ती कोणालाही दिसेल. मग साक्षीदार सारवासारव करतो: वेळ आपण घड्याळात पाहिली नव्हती, ती ऐकली होती, घरात टीव्ही चालू असावा आणि त्यावर ऐकू आली असावी.

माझी आई ऐंशीच्या घरात आहे. ती प्राथमिक शाळेत शिकवायची. इंग्रजी तिला वाचता येते, पण पडद्यावरची बारीक अक्षरे दिसत नाहीत, म्हणून मी तिला शेजारी बसवून तोंडीच मराठी करून सांगत होते. टीव्हीचे वाक्य मी सांगितले मात्र, तिने हातातली लसणाची पाकळी खाली ठेवली. “अगं, मघाशी तूच म्हणालीस ना, की वीज गेलेली म्हणून तिथला फोन लागला नाही? मग ह्याचा टीव्ही कशावर चालला?”

बरोबर होते. फोन का लागला नाही याचा खुलासा म्हणून इमारतीची वीज गेल्याची नोंद आधी ओझरती येऊन गेली होती आणि तिचा कागद पुराव्यांत पडून होता. मी ती वाचूनही विसरले होते. भारनियमनात आयुष्य काढलेल्या बाईच्या ती लक्षात राहिली. आम्ही तो कागद पुढे केला आणि पडद्यावर तो प्रसिद्ध फुगा उसळला, ‘ऑब्जेक्शन!’. आईने विचारले, “म्हणजे काय म्हणाला?” मी सांगितले, “हरकत आहे.” ती म्हणाली, “हरकत कसली, पकडलाच की त्याला.”

पुढची पायरी अधिक सुंदर आहे. साक्षीदार म्हणतो, टीव्ही नव्हे, ते घड्याळ होते. पण खोलीत घड्याळ दिसतच नाही. घड्याळ असते ते एका लहान पुतळ्यात, वरून पाहता जो नुसता पुतळा वाटतो आणि वेळ फक्त बोलून सांगतो. आणि खून झालेला असतो त्याच पुतळ्याने. तो हातात घेतल्याशिवाय ते घड्याळ आहे हे कळण्याचा मार्ग नाही. मग हा गृहस्थ दारातून पाहून ते घड्याळ आहे हे सांगतो कसा? आणि तरीही गाठ सुटत नाही, कारण खून चारच्या पुढचा आणि घड्याळ बोलले एक. न्यायालयात ते वाजवून पाहतात, तर ते तीन तास मागे निघते. का, याचे उत्तर मृत तरुणीच्या पासपोर्टमध्ये आहे: ती आदल्याच दिवशी पॅरिसहून परतली होती आणि तिने घड्याळ पॅरिसच्या वेळेवरून परत फिरवले नव्हते. तिथल्या आणि इथल्या वेळेत नऊ तासांचा फरक. इथे संध्याकाळचे चार, तर तिथे रात्रीचा एक. बारा आकड्यांच्या घड्याळात नऊ तास पुढे आणि तीन तास मागे हे एकच. साक्षीदाराने ऐकले ते खरेच ऐकले होते. त्याची साक्ष त्या एका शब्दापुरती खरी होती आणि तीच त्याला नडली.

शिकवणीचा, सर्वांत छोटा खटला इतका घट्ट विणलेला असावा ही या खेळाच्या लेखकाची खरी ताकद आहे. शेवटची युक्ती तर मला अजून पुरती पचलेली नाही, आणि हे मी कौतुकाने म्हणते. खोटे बोलणारा माणूस सगळेच खोटे बोलत नाही. तो एक खरी गोष्ट चुकीच्या जागी ठेवतो. जबाबांची भाषांतरे करणाऱ्या कोणालाही विचारा.

आता भाषेबद्दल. इंग्रजी अवतार अलेक्झांडर ओ. स्मिथ यांचा आहे आणि त्यांच्यासमोरचा प्रश्न मला झोपेतही ओळखू येईल असा होता, कारण या खेळातली नावे म्हणजे कोट्याच आहेत. नायकाचे जपानी आडनाव ‘नारुहोदो’. त्या भाषेत समोरच्याचे ऐकून ‘अच्छा, असं होय’ म्हणायला हाच शब्द वापरतात. इंग्रजीत तो झाला ‘राइट’, म्हणजे ‘बरोबर’. न्यायालयात त्याला हाक मारली की दर वेळी वाक्याला दोन अर्थ फुटतात. वर्तमानपत्रे विकणारा तो साक्षीदार इंग्रजीत आहे ‘फ्रँक सॉविट’, आणि ते नाव मोठ्याने उच्चारून पाहा: ‘सॉ इट’, पाहिले बरे का. आईला सांगताना मी त्याचे नाव ‘श्री. देखणे’ असे करून टाकले. आपल्याकडे ते खरेखुरे आडनाव आहे, ‘देखणे’ म्हणजे पाहणेही आणि दिसायला बरा असणेही, आणि ज्या माणसाचे टक्कल शेवटी न्यायालयात उघडे पडते त्याला ते विशेष शोभते. त्या एका नावाचे मला दिवसभर समाधान होते. हातातल्या वाटणीपत्राची दोन पाने त्या दिवशी झाली नाहीत, हेही नमूद करते.

पण इंग्रजीकरणात एक मोठी तफावत राहून गेली आहे, आणि ती पकडण्यासाठी कोणताही पुरावा पुढे करावा लागत नाही. इंग्रजी आवृत्तीने कथा जपानमधून उचलून अमेरिकेत, लॉस एंजलीसला नेऊन ठेवली. नायकाच्या मदतनीस मुलीला, मायाला, आवडणारे रामेन त्यामुळे बर्गर झाले, इथवर ठीक. कायदा मात्र जपानमध्येच राहिला. खुनाचा खटला आणि ज्यूरीचा पत्ता नाही, एकटे न्यायाधीश निकाल देतात. मूळ खेळ निघाला तेव्हा जपानमध्ये सामान्य नागरिक निवाड्याला बसत नसत, ती पद्धत तिथे मे 2009 मध्ये आली. चौथ्या खटल्यात सगळा ताण येतो तो एका जुन्या खुनाची पंधरा वर्षांची मुदत संपत आली आहे यातून. जपानमध्ये तेव्हा खुनालाही अशी मुदत होती. पुढे ती पंचवीस वर्षे झाली आणि 2010 साली काढूनच टाकली. कॅलिफोर्नियात खुनाला मुदत नाही, आपल्याकडेही नाही. म्हणजे अमेरिकन नावाच्या शहरात, बर्गर खात, माणसे जपानी मुदतीच्या धाकाने घामाघूम होतात. गाव बदलले, फलक बदलले, पण दप्तर जुनेच राहिले. आम्हा सीमाभागातल्या वाचकांना यात काही अपरिचित वाटू नये.

खटल्याच्या वेगाचेही तसेच. खेळातल्या कायद्याप्रमाणे सुनावणी तीन दिवसांत आटोपावी लागते, आणि जपानमध्ये आरोपपत्र दाखल झालेल्या खटल्यांत दोषी ठरण्याचे प्रमाण नव्व्याण्णव टक्क्यांहून वर असते या वस्तुस्थितीची सावली संपूर्ण खेळावर आहे: इथे आरोपी दोषीच धरलेला असतो आणि वकिलाला नुसती शंका निर्माण करून भागत नाही, खरा खुनी कोण ते दाखवून, त्याच्याकडून वदवून घ्यावे लागते. आपल्याकडे बचावाच्या वकिलावर हे ओझे नाही. सरकार पक्षाची कथा संशयातीत सिद्ध झाली नाही, एवढे दाखवले की संशयाचा फायदा आरोपीला. आईला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, की मग त्या पोराने सरकारी वकिलाचेही काम केले, पोलिसांचेही केले, फी एकाचीच घेतली. आणि तीन दिवसांचे म्हणाल, तर ज्या गावाचा स्वतःचाच दावा, महाराष्ट्राने 2004 साली दाखल केलेला, सर्वोच्च न्यायालयात अजून निकालाची वाट पाहतो आहे, त्या गावात बसून तीन दिवसांच्या मुदतीचा ताण मनापासून घेणे थोडे जड जाते.

न्यायाधीशांच्या हातातला लाकडी हातोडाही खोटाच. तो ना जपानच्या न्यायालयात असतो, ना आपल्या. पण तो आपटल्यावर येणारा आवाज मात्र असा नेमका आहे, की त्याला माफ केले.

वकिलीच्या दृष्टीने मला सर्वांत खटकलेली गोष्ट वेगळी आहे. खेळात प्रत्येक वाक्यापाशी थांबवून प्रश्न विचारायला जवळजवळ काहीच किंमत पडत नाही. त्यामुळे खेळणारा शिस्तीने पहिल्या वाक्यापासून शेवटपर्यंत सगळीकडे ‘थांबा’ म्हणत जातो आणि माहिती आपोआप गळून पडते. खऱ्या उलटतपासणीत एक प्रश्न जास्त विचारला की हातची केस जाते. मुरलेल्या वकिलांचे कसब कुठे गप्प बसायचे यात असते. मी स्वतः वाचलेल्या एका जुन्या साक्षीत वकिलांनी विचारले होते, की इतक्या अंधारात माणूस ओळखला कसा, आणि साक्षीदाराने उत्तर दिले होते, ‘तो माझा भाऊ आहे’. त्यापुढे त्या पानावर काहीच नव्हते. खेळाने गप्प बसण्याला काही गुण ठेवले असते, तर तो कितीतरी खरा झाला असता.

आणखी एक. आपल्या न्यायालयात साक्ष सहसा कथनाच्या रूपात उतरवली जाते. प्रश्न गळून जातो आणि उत्तर साक्षीदाराच्या तोंडचे वाक्य होऊन कागदावर बसते. ‘हे म्हणणे खरे नाही की मी त्या वेळी शेतावर नव्हतो’ असले दुहेरी नकाराचे वाक्य कोणी माणूस आपणहून बोलत नाही. ते वकिलाच्या सूचनेला दिलेल्या ‘नाही’ या एका शब्दाचे कागदी रूप असते, आणि त्याचे भाषांतर करताना किती नकार शिल्लक राहिले ते बोटावर मोजावे लागते. खेळात साक्षीची वाक्ये स्वच्छ, सुटी, एकेका पडद्यावर येतात. हेवा वाटला. त्याच वेळी हेही लक्षात आले, की इंग्रजी मजकुरात काही फटी आपोआप बुजून जातात. मराठीत ‘मला तो दिसला’ आणि ‘मी त्याला पाहिले’ यांत अंतर आहे. एकात तो नजरेला पडला, दुसऱ्यात मी नजर टाकली. इंग्रजीत दोन्हींना ‘सॉ’. श्री. देखणे यांनी मराठीत साक्ष दिली असती, तर त्यांना यातले एक निवडावे लागले असते आणि कदाचित आणखी लवकर सापडले असते. मराठीत हा खेळ नाही, याची खंत मला एवढ्यासाठीच वाटते.

दोषांत सर्वांत मोठा दोष असा, की अनेकदा उत्तर आपल्याला कळलेले असते आणि खेळाला ते त्या ठिकाणी नको असते. तफावत एकच, पण ती चौथ्या वाक्यापाशी दाखवावी की पाचव्या, यावर एक उद्गारचिन्ह जाते. एखादा युक्तिवाद दोन पुराव्यांनी तितकाच सिद्ध होत असला तरी मान्य होतो फक्त लेखकाच्या मनातला. आमच्या आईसारखी, दोन पायऱ्या आधीच पोचणारी माणसे यात फार नाडली जातात. बाहेर फिरून तपास करण्याचा भाग तर कित्येक ठिकाणी नुसती पायपीट आहे: सगळ्या खोल्या फिरा, सगळ्यांशी सगळे बोला, सगळ्यांना वकिलीचा बिल्ला दाखवा, आणि कुठेतरी एका माणसाशी एक विषय राहून गेला म्हणून पुढचे दार उघडत नाही. मजकूर पहिल्या वाचनात पुढे ढकलता येत नाही; अक्षरे आपल्या चालीने टपटप पडत राहतात. सावकाश भाषांतर करून सांगणाऱ्या मला ते सोयीचे होते, एरवी वैतागच. शिवाय मृतात्म्यांना अंगात बोलावणाऱ्या घराण्याचे एक उपकथानक आहे. ते कोणाला आवडेल, कोणाला नाही. मला पुराव्याच्या गोष्टीत देवर्षीपणा नको होता, आईला त्यातच गोडी वाटली.

दुसऱ्या खटल्यात एक धक्का आहे, तो सांगत नाही. तिसरा, टीव्हीवरच्या एका सामुराई नायकाचा, लांबला आहे आणि मध्ये पुष्कळ सैलावतो. चौथा या खेळाचा कळस: आजवर आपल्याला छळणारा सरकारी वकील माइल्स एजवर्थ स्वतः आरोपीच्या जागी, आणि त्याच्याविरुद्ध उभा चाळीस वर्षे एकही खटला न हरलेला फॉन कार्मा. यातच एका पोपटाची उलटतपासणी घ्यावी लागते. वाचून हसू येते, खेळताना येत नाही. ज्याला पढवले आहे तो साक्षीदार आणि पोपट यांतला फरक किती पुसट आहे, हे आमच्या धंद्यातल्या माणसाला निराळे सांगायला नको.

पाचवा खटला डीएससाठी नव्याने लिहिलेला, म्हणून कन्सोलच्या करामती त्यातच भरल्या आहेत. मुद्देमालातली वस्तू स्टायलसने सर्व बाजूंनी फिरवून पाहता येते. रक्ताचे पुसलेले डाग शोधायला ल्युमिनॉल फवारता येते. बोटांचे ठसे घ्यायचे असतील तर पडद्यावर भुकटी टाकायची आणि दोन पडद्यांमधल्या मायक्रोफोनवर खरोखरची फुंकर घालायची, म्हणजे जास्तीची भुकटी उडून ठसा उमटतो. हे काम आईने माझ्याकडून काढून घेतले. चुलीतल्या निखाऱ्यावर घालावी तशी हलकी, लांब फुंकर ती घालत असे, आणि तिचा ठसा माझ्यापेक्षा नेहमी स्वच्छ उठे. हा खटला इतर चारांहून बराच लांब आहे आणि त्यातली गुंतागुंत शेवटी शेवटी ताणल्यासारखी वाटते, पण ठशांसाठी मी त्याला काही बोलणार नाही.

मायक्रोफोनचा दुसरा उपयोग मात्र शेजाऱ्यांची माहिती काढल्याशिवाय करू नये. वाय बटण दाबून धरून ‘ऑब्जेक्शन!’ असे ओरडले, तर बटणांऐवजी आपला आवाजच ग्राह्य धरला जातो. पहिल्या दोन वेळा माझ्या सभ्य आवाजाची यंत्राने दखल घेतली नाही. तिसऱ्यांदा घेतली, तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते आणि शहापूरच्या आमच्या गल्लीत भिंतीला भिंत आहे. पलीकडच्या काकूंनी दुसऱ्या दिवशी आईला हळूच विचारले, की मुलीचे कोणाशी काही वाजले का.

ज्यांना घ्यायचा आहे त्यांच्यासाठी: डीएस आता बाजारात नवा मिळत नाही, जुने कन्सोल आणि कार्डे हातोहाती फिरतात, आणि घेताना पडद्याचा स्पर्श, बिजागरी व मायक्रोफोन तिन्ही तपासून घ्यावेत, कारण पाचवा खटला तिन्ही मागतो. हा आणि पुढचे दोन असे तीन खेळ एकत्र करून 2019 साली निन्टेन्डो स्विचवर आणि संगणकावरही आले आहेत. त्यात चित्रे नव्याने रेखलेली आणि स्वच्छ आहेत, जपानी-इंग्रजीशिवाय आणखी काही भाषांचीही सोय आहे, फक्त आपल्याकडची एकही नाही. इंग्रजी सहज वाचता येणे ही अट आहे. दहावीच्या मुलाला शब्दकोश शेजारी ठेवून जमेल, त्याहून लहानांना खुनांचे तपशील आणि कोट्या दोन्ही जड जातील.

भाच्याने दिवाळीला येतो, तेव्हा कन्सोल परत लागेल असा निरोप धाडला आहे. आईचे म्हणणे असे, की देखण्यांच्या खटल्यात तो बोलला एक आणि वाजले होते चार, तसे ‘दिवाळी’ म्हणजे कोणती ते त्याने लिहून कुठे दिले आहे?